बेरीज शून्य

रबाळे एमआयडीसी, तिसरी पाळी.
ड्रम क्रमांक चौऱ्याऐंशी, ॲसिटोन,
आणि मला त्यात लपलेलं पाणी मोजायचंय.
लपतंच ते. थर धरत नाही, गढूळ होत नाही.
ऐरोलीच्या खाडीवरून दमट वारा येतो,
कुणीतरी झाकण दहा मिनिटं उघडं ठेवतं,
तेवढ्यात आत शिरून घरचं होऊन बसतं.
जनार्दन केणी हात पुसत विचारतो,
रोजच्यासारखाच:
“आज किती प्यायलाय?”

शून्य पूर्णांक नऊ. ड्रम परत.

हेक्सेनच्या बाटलीत मात्र तेच पाणी
तळाशी अंग चोरून बसतं,
दोन्हीकडचं कुणीच ओळखीचं नसलेल्या
लग्नातल्या पाहुण्यासारखं.
केणीला हे जुनं कोडं आहे.
दोन्ही पातळ, दोन्ही काचेसारखे स्वच्छ,
मग एकाशी घरोबा आणि एकाशी अबोला का?

मी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर पाण्याचा रेणू काढते.
मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन,
पण सरळ रेषेत नाहीत,
भरल्या कावडीसारखे दोन्हीकडून वाकलेले.
इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपाशी जरा जास्त रेंगाळतात.
चोरी नाही ही. नुसतं रेंगाळणं.
तेवढ्यानं एक टोक किंचित ऋण,
दुसरं किंचित धन,
आणि सगळ्याची बेरीज शून्य.
हेक्सेनला अशी टोकंच नाहीत म्हणायची.

“शून्य,” केणी म्हणतो, “तं मंग वढ कुठशी येते?”

पुस्तकात याला एक सूत्र आहे. मी ते लिहीत नाही.
जवळचं टोक जवळ असतं, केणी, आणि लांबचं लांब.
एवढंच.
दुरून बघणाऱ्याला दोन्ही टोकं एकमेकांना खोडून टाकतात,
त्याला वाटतं, इथे काहीच नाही.
जवळ गेल्यावर कळतं आपल्याकडे कुठलं टोक आहे.
म्हणून अंतर दुप्पट केलं
की बल सोळाव्या हिश्श्यावर येतं.

“आनि अंतर तेवढंच ऱ्हायलं तं?”

हे तो रेणूंबद्दल विचारत नाहीये.
गोठिवलीत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
त्यांची इमारत आहे, जिना एकच.
पहिल्या मजल्यावर हा, दुसऱ्यावर धाकटा दामू.
मोटारीचं अर्धं बिल
नऊ वर्षं दाराच्या फटीतून सरकवलं जातं.
कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना माहीत आहे,
त्यानं मला कधी सांगितलेलं नाही.

मी दोन लाल-निळ्या पेन्सिली टेबलावर ठेवते,
लाल टोकासमोर लाल टोक.
हे एकमेकांना लोटणार.
मग एक फिरवते. लालसमोर निळं.
अंतर केसभरही बदललेलं नाही.

तो बराच वेळ बघत राहतो.
कन्डेन्सरचं पाणी टपटपतंय,
बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना ओरडतेय.

“फिरवनार कोन पन?”

मोकळा असेल तर रेणू आपणहून फिरतो.
पण ऊब असते ना सगळ्यात,
चहूबाजूंनी सतत धक्के बसतात,
फिरता फिरता तोंड पुन्हा भलतीकडे जातं.
लोटणंही होतं, पुष्कळदा होतं.
तरी सगळ्या वेळांची सरासरी काढली
की पारडं ओढीकडेच झुकतं, जरासं.
त्या जराशावर हे पाणी पाणी म्हणून टिकलंय,
नाहीतर या बीकरमधून
ते कधीच वाफ होऊन उडून गेलं असतं.

केणी मान हलवतो, पटल्याची नाही,
ऐकल्याची.
जाताना एक पेन्सिल खिशात घालतो.
मी बघते. काही बोलत नाही,
खरं तर नापास ड्रमवर खूण करायला
मला तीच लागते.

पुढचे दहा दिवस मी निळ्या बॉलपेननं फुल्या मारते.

अकराव्या रात्री पेन्सिल टेबलावर परत.
निम्मी झालेली, लाल टोक मोडलेलं,
निळं दातांनी चावलेलं.

“माफ करा मॅडम,” तो ड्रमकडे बघत म्हणतो,
“पोरीनं तोडली. दामूच्या.”

मी टोक करायला ब्लेड शोधते.
ड्रम क्रमांक एकशे एकोणीस.
झाकण उघडं आहे, केणी,
आधी ते लावून घे.